टचस्क्रीनवर बोट की पेन? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलीच्या अँड्रॉइड टॅबसाठी गोल रबरी टोकाचा पेन आणला. रेघ हवी तिथे पडत नाही आणि मनगट टेकलं की भलत्याच रेघोट्या उमटतात. पेन स्वस्तातला म्हणून, की टॅबच तसा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : महागातला रबरी पेन आणला असतात तरी हेच झालं असतं. टॅबच्या काचेखाली पारदर्शक वाहक पट्ट्यांची जाळी असते. बोट टेकलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि टॅब ती जागा टिपतो. नुसत्या नखाने टॅब हलत नाही, तो यामुळेच. रबरी टोक म्हणजे नकली बोट. ते पाच-सहा मिलिमीटर जाड ठेवावंच लागतं, कारण फार बारीक टोकाने पडणारा फरक टॅबच्या लक्षातच येत नाही. मग रेघ नेमकी कुठून निघणार, ते त्या टोकाखालीच झाकलं जातं. मनगटही टॅबला बोटासारखंच दिसतं.

पेन वेगळा ओळखण्याची सोय मुळात टॅबमध्ये असावी लागते. सॅमसंगच्या एस पेनसाठी काचेमागे वेगळा थर असतो. त्यातल्या चुंबकीय क्षेत्रावरच पेन चालतो, लिहायला बॅटरी लागत नाही. पेन काचेला न टेकवता अर्धा सेंटिमीटर वर धरा. खाली ठिपका सरकताना दिसला तर टॅबने पेन ओळखला. ‘सगळ्या टॅबना चालतो’ म्हणून विकतात त्या चार्जिंगच्या पेनांचं टोक बारीक असतं खरं, पण अँड्रॉइडवर ते बहुधा बोटाचीच नक्कल करतात. मनगटाचा त्रास तसाच राहतो, त्यामुळे त्यावर पैसे घालू नका. तूर्त मनगटाखाली चार-पाच घड्यांचा कोरडा रुमाल ठेवा. घामाने ओला झाला की बदला, नाहीतर पुन्हा रेघोट्या.

प्रश्न : दहाव्या पिढीच्या आयपॅडला दुसऱ्या पिढीची ॲपल पेन्सिल चालेल ना? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : नाही. पहिल्या पिढीची (जोडणीसाठी ॲडॉप्टर लागतो) किंवा यूएसबी-सी वाली चालते. यूएसबी-सी वालीत दाब ओळखण्याची सोय नाही. नोट्सना ती पुरते, पण दाबानुसार जाड-बारीक रेघ हवी असेल तर पहिल्या पिढीचीच घ्या. टोक झिजून खालचा धातू दिसायच्या आत बदला. ते डावीकडे फिरवलं की सुटतं.

प्रश्न : मराठी टायपिंग जमत नाही, हाताने लिहायचंय. त्यासाठी फोनला पेन घ्यावा का? (एक ज्येष्ठ वाचक, नाशिक)

उत्तर : गरज नाही, बोट पुरतं. जीबोर्डच्या (गूगलच्या कीबोर्ड ॲपच्या) सेटिंगमध्ये भाषांत जाऊन मराठी जोडा आणि कीबोर्डचा प्रकार ‘हस्तलेखन’ निवडा. खालच्या मोकळ्या चौकटीत शब्द सलग लिहा. मध्ये विचार करत थांबलात की तेवढ्यावरच तो अर्थ लावतो आणि अर्धाच शब्द उमटतो. जोडाक्षरं ऐसपैस काढा. ‘घ’ आणि ‘ध’ घाईत लिहिले तर हमखास अदलाबदल होते, तेव्हा वर सुचवलेल्या शब्दांतून योग्य तो निवडा. फोन आडवा धरला की लांब शब्दाला जागा मिळते.

पेनाचा खरा फायदा गणितं, आकृत्या आणि पीडीएफवरच्या दुरुस्त्यांना. निरोप लिहिण्यापुरता त्याचा खर्च कशाला?