वाचक विचारतात : डार्क सोल्स पहिला, दुसरा की तिसरा?

‘डार्क सोल्स’बद्दलची बरीच पत्रं साठली होती, त्यातली निवडक या खेपेला घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी थोडक्यात : जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीची ही मालिका. पहिला भाग २०११चा (रीमास्टर्ड आवृत्ती २०१८), दुसरा २०१४चा, तिसरा २०१६चा. मेलात की जवळचे सोल्स (शत्रू मारून मिळणारं चलन, लेव्हल वाढवायला आणि खरेदीला लागतं ते) जागेवर पडतात. ते उचलायच्या आत पुन्हा मेलात तर कायमचे गेले.

तिन्ही भाग क्रमानेच खेळायला हवेत का? मित्र म्हणतात, दुसरा सोडून दे. लॅपटॉप बेताचाच आहे. – सांगली

कथेपुरतं बोलायचं तर पहिला आधी आणि तिसरा नंतर, एवढं पाळा. तिसऱ्यात पहिल्यातलं ॲनोर लोंडो हे शहर पुन्हा येतं, लोहार आंद्रे येतो, आणि शेवटच्या बॉसच्या दुसऱ्या टप्प्यात वाजणारे पियानोचे सूर पहिला भाग खेळलेल्यालाच ओळखू येतात. दुसऱ्याची गोष्ट बरीचशी स्वतंत्र आहे, तो कुठेही बसवता येतो.

क्रमाचं खरं कारण गोष्टीत नाही, हाताला लागणाऱ्या सवयीत आहे. पहिला भाग वाट लक्षात ठेवायला लावतो. ॲनोर लोंडोत लॉर्डव्हेसल हे भांडं मिळेपर्यंत एका बॉनफायरवरून (विसाव्याच्या शेकोटीवरून) दुसऱ्यावर उडी मारता येत नाही, त्यामुळे ब्लाइटटाउनच्या तळाशी उतरलात तर चढूनही पायीच यायचं. शॉर्टकट उघडल्याचा आनंद म्हणूनच याच भागात सगळ्यात मोठा. दुसरा भाग तयारी मागतो : कुठल्या आकड्यात किती लेव्हल घातल्या, सोबत किती लाइफजेम (आयुष्य भरणारे खडे), शत्रूंचा घोळका एकेक करून कसा फोडला. तिसरा हात मागतो. बॉस पाच-पाच वारांची साखळी लावतात, आणि तुमचा रोलही (लोळून वार चुकवणं) स्वस्त आणि चपळ आहे.

म्हणून तिसऱ्यावरून पहिल्यावर गेलं की चिखलात चालल्यासारखं वाटतं. उलट दिशेने गेलात तर तो त्रास नाही. वेळ असेल तर पहिला (रीमास्टर्डच घ्या), दुसरा, तिसरा. एकच खेळायचा असेल आणि वाट चुकण्याची चीड येत असेल, तर सरळ तिसरा. त्याची वाट बहुतांशी एकरेषीय आहे.

लॅपटॉपला दुसरा सगळ्यात हलका आणि तिसरा सगळ्यात जड. तिसऱ्यात आधी सावल्या आणि प्रकाशयोजना यांची पातळी खाली आणा, रिझोल्यूशनला शेवटी हात लावा. आणि कंट्रोलर घ्याच. दुसरा भाग माउसवर खेळणार असाल तर सेटिंगमधलं डबल-क्लिक बंद करा. ते चालू असलं की दुसऱ्या क्लिकची वाट बघत साधा वारही उशिरा निघतो.

पहिल्या भागात फायरलिंकवरून (सुरुवातीच्या ठाण्यावरून) निघालो की स्मशानातले सांगाडे दोन फटक्यांत मारतात. खाली पाण्यात उतरलो तर भुतांवर तलवारच चालत नाही. काही बिघाड आहे का? – नाशिक

बिघाड नाही, दोन्ही वाटा आत्ताच्या नव्हेत. स्मशानातून कॅटाकॉम्ब्स लागतात. तिथले सांगाडे पाडले तरी पुन्हा उठतात, जोवर त्यांना उठवणारा नेक्रोमॅन्सर मरत नाही किंवा तुमच्याकडे डिव्हाइन (दैवी) प्रकारचं हत्यार येत नाही. खालचं न्यू लोंडो. तिथल्या भुतांना मारायचं तर ट्रान्झियंट कर्स ही वस्तू वापरावी लागते.

तुमची वाट कड्याला लागून वर चढणाऱ्या पायऱ्यांची. वरून आगीच्या बाटल्या फेकणारे हॉलो (अर्धमेले शत्रू) दिसले की बरोबर चाललात. पुढे जलवाहिनीच्या बोगद्यातून अनडेड बर्ग ही वस्ती. तिथल्या व्यापाऱ्याकडून १००० सोल्सला रेसिडेन्स की घ्या. बर्गमधल्याच एका बंद घरात तिने दार उघडतं आणि आतल्या पेटीत तीन गोल्ड पाइन रेझिन (राळ) मिळतात. ती हत्याराला फासली की विजेचा मारा चढतो. घंटेच्या मनोऱ्यावरच्या गार्गॉइल या दोन बॉसना नेमकी वीजच सोसत नाही. राळ बॉसकडे नेणाऱ्या धुक्याच्या दाराबाहेर फासू नका, निम्मा वेळ चालण्यात जातो. आत छपरावर पहिला गार्गॉइल उडत येईपर्यंत पुरेशी उसंत मिळते.

पुलावरच्या ड्रॅगनची शेपटी खालून बाणांनी तोडली की ड्रेक स्वोर्ड मिळते. मारा २००, ताकद १६ आणि डेक्स्टेरिटी १० लागते. घ्यायला हरकत नाही. पण तिच्या माऱ्यात तुमच्या आकड्यांची भर पडत नाही, त्यामुळे सेन्स फोर्ट्रेसच्या पुढे ती मागे पडते. तोवर साधी तलवार वाढवलेली नसली की माणूस ॲनोर लोंडोत अडकतो आणि खेळाला शिव्या घालतो.

तिसरा भाग संपवून दुसरा घेतला. रोल अगदी वेळेवर मारतो, तरी फटका बसतोच. हा भाग लोकांना आवडत नाही तो यामुळेच का? – पुणे

बऱ्याच अंशी यामुळेच. दुसऱ्यात रोलमधला ‘लागत नाही’ असा काळ ॲजिलिटी या आकड्यावर ठरतो, आणि ॲजिलिटी वाढते ती मुख्यतः ॲडॅप्टॅबिलिटीमुळे, थोडी अट्यूनमेंटमुळे. खेळ हे धड सांगत नाही. ॲजिलिटी ९९ असताना ११ फ्रेम सुरक्षित मिळतात, १०५ ला १३. इथे फ्रेम म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग. सुरुवातीच्या बहुतेक क्लासना यापेक्षा बरंच कमी मिळतं. म्हणजे तुमची वेळ चुकत नाही, रोलचं कवचच आखूड आहे.

पहिल्या काही लेव्हल ॲडॅप्टॅबिलिटीत घाला आणि लेव्हल वाढवताना ॲजिलिटीचा आकडा बघत राहा. ९९पर्यंत आणलीत की खेळ बदलल्यासारखा वाटेल, पुढे १०५ सवडीने. एस्टस (आयुष्य भरणारी बाटली) पिण्याचा वेगही हाच आकडा ठरवतो. वजन ७० टक्क्यांच्या आत ठेवा. त्या आतल्या वजनाने रोलचं अंतर कमी-जास्त होतं, सुरक्षित फ्रेम नाही. आधीच लेव्हल भलतीकडे घालून बसला असाल तर सोल व्हेसल वापरून थिंग्ज बिट्विक्स्ट या सुरुवातीच्या जागेतल्या म्हाताऱ्यांकडून सगळे आकडे पुन्हा मांडता येतात.

तिसऱ्यातून येणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी नडतात. दुसऱ्यात धुक्याच्या दारातून जाताना फटका बसतो, म्हणून शत्रूंची रांग मागे लावून बॉसकडे पळणं इथे चालत नाही. शिवाय प्रत्येक मरणागणिक कमाल आयुष्य घटतं, ते निम्म्यापर्यंत. हायडेच्या टॉवर ऑफ फ्लेममध्ये पेटीत रिंग ऑफ बाइंडिंग आहे. ती घातली की घसरण साधारण पाऊण आयुष्याशी थांबते. ह्यूमन एफिजी (घटलेलं आयुष्य परत आणणारी बाहुली) उधळू नका, ही अंगठीच बोटात ठेवा.

एस्टस सुरुवातीला एकच असते, म्हणून लाइफजेम बाळगा. लास्ट जायंट या बॉसला हरवल्यावर मेलेंशिया ही विक्रेती माजुलात (मुख्य वस्तीत) येते आणि ३०० सोल्सला एक, हवे तितके विकते. लाइफजेम हळूहळू भरतो, त्यामुळे फटका खाल्ल्यावर नव्हे, मागे सरून श्वास घेताना वापरायचा.

दुसऱ्या भागाला उगाच धोपटलं जातं, हे आमचं मत. पहिल्या भागाचे दिग्दर्शक मियाझाकी तेव्हा ‘ब्लडबोर्न’मध्ये गुंतले होते आणि दिग्दर्शन शिबुया व तानिमुरा यांनी केलं. घडण वेगळी निघाली ती त्यामुळे. दोन हत्यारं एकत्र पेलण्याची पॉवर स्टान्स याच भागाने आणली. मात्र काही शत्रूंची झडप अंगाला न लागताही पकडते, ती तक्रार खरी आहे.

दुसऱ्याची साधी आवृत्ती घेऊ की ‘स्कॉलर ऑफ द फर्स्ट सिन’? – बेळगाव

स्कॉलर. तिन्ही क्राउन विस्तार त्यात आहेत. शत्रू आणि वस्तूंच्या जागा बदलल्या आहेत, तेव्हा जुन्या आवृत्तीची मार्गदर्शिका समोर ठेवून खेळू नका. पीसीवर दोन्हींचे सेव्ह वेगळे, एकाचं कॅरेक्टर दुसऱ्यात नेता येत नाही. दगड झालेले पुतळे वाटेत बरेच जास्त आहेत, म्हणून फ्रॅग्रंट ब्रांच ऑफ योर (पुतळ्यांना पुन्हा जिवंत करणारी फांदी) दिसेल त्या पुतळ्यावर उडवू नका. माजुलाहून शेडेड वुड्सकडे जाणारी वाट अडवणाऱ्या पुतळ्यासाठी एक राखून ठेवा.

पहिल्यात हॅवेलचं दगडी चिलखत घालून सगळं सोसत होतो. तिसऱ्यात तेवढंच जड चिलखत घातलं तरी कुत्रासुद्धा हात थांबवतो. – नागपूर

पहिल्यात पॉइझ (धक्का सोसायची ताकद) सतत चालू असतो. नुसते उभे असलात तरी ठरावीक धक्का शोषला जातो. तिसऱ्यात तो मुख्यतः जड हत्यार फिरवतानाच्या काही क्षणांत कामाला येतो : ग्रेटस्वोर्ड, कुऱ्हाड, मोठा हातोडा वगैरे. सरळ तलवारीच्या साध्या वाराला त्याचा जवळजवळ उपयोग नाही. उभ्या उभ्या फटका खाल्लात की पॉइझ कितीही असो, हात थांबणारच.

तेव्हा तिसऱ्यात चिलखताचा हिशेब एवढाच : एकूण वजन ७० टक्क्यांखाली, आणि डोकं-छाती-हात-पाय यांतला एकही भाग उघडा नाही. पहिल्यात सीमा वेगळ्या होत्या : २५ टक्क्यांखाली चपळ रोल, ५० टक्क्यांखाली मध्यम, त्यावर धप्पकन पडणारा. तिसऱ्यातून पहिल्यात आलेले लोक ६५ टक्के वजन घेऊन फिरतात आणि रोल बिघडला म्हणतात, ते यामुळे. आणखी एक : पहिल्यात शत्रूवर लॉक केलेलं (कॅमेरा त्याच्यावर खिळवलेला) असताना रोल चारच दिशांना जातो. तिरकं निसटायचं असेल तर लॉक सोडा.

सोल्स लेव्हलवर घालू की हत्यारावर? – ठाणे

सुरुवातीला हत्यारावर, तिन्ही भागांत. एक लेव्हल ताकदीत घातली तर माऱ्यात दोन-चारची भर पडते, हत्याराच्या एका पायरीला त्याच्या कितीतरी पट. उरलेलं आयुष्याच्या आकड्यात घाला.

पहिल्यात साधं हत्यार +५पर्यंत न्यायला ९ टायटॅनाइट शार्ड (हत्यार वाढवायचे तुकडे) लागतात. आंद्रे ते ८०० सोल्सला एक विकतो. +५च्या पुढे त्याला लार्ज एम्बर (निखारा) द्यावा लागतो, तो डेप्थ्समध्ये सुरुवातीलाच मिळतो. लोक डेप्थ्स घाईत ओलांडतात आणि +५वरच अडतात. तिसऱ्यात कमाल +१० : +३पर्यंत शार्ड, +६पर्यंत लार्ज शार्ड, +९पर्यंत चंक, प्रत्येक टप्प्याला २, ४, ६ मिळून १२, आणि शेवटी एक स्लॅब. लार्ज शार्ड मिळायला लागेपर्यंत एकाच हत्याराला धरून राहा. चार हत्यारं +२वर ठेवणाऱ्याला पुढचा बॉस दुप्पट वेळ घेतो.

तिसऱ्यात पॉन्टिफ सुलिवान या बॉसवर अडकलो आहे. – कोल्हापूर

दुसऱ्या टप्प्यात तो आपली जांभळी छाया उभी करतो. ती उमटत असतानाच तिच्यावर जमतील तेवढे वार करा, तेव्हा ती उलटून मारत नाही. उरलीच तर घाबरू नका : छाया जो वार करते, तोच पॉन्टिफ क्षणभराने करतो. म्हणजे पुढचं उत्तर आधीच फळ्यावर लिहून मिळतं. मागे पळू नका, त्याच्या तलवारी लांब आहेत. पुढे, त्याच्या कुशीकडे रोल करा. पॅरी (ढालीने वार उडवून लावणं) जमत असेल तर लहान ढाल घेऊन जा, त्याचे वार पॅरी होतात.

आणि रोल नेहमीच अर्ध्या क्षणाने उशिरा पडत असेल तर हे तपासा : धावणं आणि रोल एकाच बटणावर आहेत, म्हणून रोल बटण दाबल्यावर नाही, सोडल्यावर निघतो. घाबरून बटण दाबून धरलं की उशीर ठरलेला. टिचकी मारल्यासारखं दाबा, आणि एकदाच. दोनदा दाबलं की दुसरा रोल रांगेत लागतो आणि नेमका पुढच्या वारात संपतो.

वीज गेली आणि चाळीस तासांचं कॅरेक्टर उघडेना. परत मिळेल का? – लातूर

प्रत जपलेली नसेल तर बहुधा नाही. या गेम्स सतत आपोआप सेव्ह करतात आणि सगळी कॅरेक्टर एकाच फाइलीत असतात. लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते. पुढच्या वेळेसाठी : रीमास्टर्डची फाइल डॉक्युमेंट्समध्ये ‘एनबीजीआय’ फोल्डरात, दुसऱ्या-तिसऱ्याची ॲपडेटा-रोमिंगमध्ये त्या त्या गेमच्या नावाच्या फोल्डरात. ‘एसएल२’ शेपटीची फाइल शोधा, गेम पूर्ण बंद करा, मगच प्रत काढा. परत ठेवतानाही गेम बंदच हवी. वीज वारंवार जात असेल तर दर बॉसनंतर मेनूतून बाहेर पडून प्रत घ्या. मेनूतून बाहेर पडलात तर पुन्हा तिथेच उभे असता, काही गमवावं लागत नाही.

तिन्ही झाले. आता याच कंपनीच्या एल्डन रिंगमध्ये पहिलाच मोठा बॉस मार्गिट मारतोय. – दुबई

तिन्ही खेळल्यामुळेच मारतोय. त्याची काठी वर गेल्यावर जराशी थांबते, आणि काठी हलली की रोल मारणारा नेमका तिथे सापडतो. हात खाली यायला लागेपर्यंत थांबा.

दुसरी सवय सरळ पुढे जाण्याची. इथे मागे फिरता येतं. उघड्या मैदानातल्या दोन-तीन ग्रेसवर (विसाव्याच्या जागांवर) बसलात की मेलिना येऊन घोडा देते. मग चर्च ऑफ एलेला जा : तिथल्या ऐरणीवर हत्यार +३पर्यंत नेता येतं, आणि घोडा मिळाल्यावर तिथेच रात्री रेना भेटून आत्मे बोलवायची घंटा देते. हत्यार वाढवायचे स्मिदिंग स्टोन लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशातल्या खाणींत मिळतात. मर्कवॉटर केव्हमध्ये पॅचेसला जीवदान दिलंत तर तो ५००० रून्सला (इथलं चलन) मार्गिटची बेडी विकतो. पहिल्या टप्प्यात ती त्याला दोनदा जमिनीला जखडते, तेवढ्यात जड हत्याराचे उडी मारून दोन-तीन वार बसतात. ढाल वापरत असाल तर अडवल्याबरोबर जड वाराचं बटण दाबा. हा गार्ड काउंटर आधीच्या तिन्ही भागांत नव्हता, म्हणून जुन्या खेळाडूंना तो आठवतच नाही.