घरच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक संगीत करण्यासाठी कोणती उपकरणे घ्यावीत आणि कोणत्या क्रमाने?

आपल्या प्रश्नावरून असे समजते की कोथरूडच्या फ्लॅटमध्ये १० बाय १० फुटांची एक खोली मोकळी आहे, बरा लॅपटॉप हाताशी आहे, साधारण ६० हजार रुपये बाजूला ठेवले आहेत आणि व्हिडिओंमध्ये दिसणारे भिंतभर सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारी वाद्ये, पाहून सुरुवात कुठून करावी हे कळेनासे झाले आहे. थोडक्यात सांगायचे तर आवाज निर्माण करणाऱ्या साधनांवर तूर्त काहीही खर्च करू नये आणि आवाज ऐकवणाऱ्या साधनांवर जवळपास सगळा करावा. मी कर्वेनगरमधल्या अशाच एका खोलीत हे काम करतो, त्यामुळे पुढचे बरेचसे लिखाण पुण्यातल्या खोल्या, इथली वीज आणि इथला पावसाळा गृहीत धरून केले आहे.

१९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवून स्टुडिओ उभा केला, तेव्हा असे यंत्र एखाद्या संस्थेलाच परवडण्यासारखे होते. १९८२ मध्ये चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी मुंबईत रोलँड कंपनीचे ज्युपिटर-८ हे सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बास वाजवणारे यंत्र आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन घेऊन रागांवर आधारलेली एक ध्वनिमुद्रिका केली. त्या वेळी ही तीन यंत्रे एका वादकाच्या घरी एकत्र असणे हीच मोठी गोष्ट होती. स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी हा प्लगइनचा, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरचा, प्रकार आणला आणि हळूहळू सगळी यंत्रे संगणकात उतरली. आज व्हायटलची मूळ आवृत्ती आणि सर्ज एक्सटी हे दोन सिंथेसायझर एक पैसाही न देता मिळतात, आणि १९८३ च्या यामाहा डीएक्स७ ची हुबेहूब रचना असलेला डेक्स्डही तसाच मिळतो. व्हायटलमधला एक फिल्टर (आवाजातले काही स्वर गाळणारा भाग) आणि दोन एन्व्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो हे ठरवणारे भाग) मनासारखे वळवता येईपर्यंत दुसरे काही विकत घेण्याची गरज नाही, आणि तिथवर पोहोचायला बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

ज्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे जुळवायचे, त्याबद्दल लोक फार वाद घालतात. एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, रीपर, ॲपलचा संगणक असल्यास लॉजिक, यांपैकी कोणतेही चालेल. रीपर ६० दिवस विनामूल्य वापरून पाहता येते आणि त्याचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरना मिळतो, तर एबलटनची लाइट आवृत्ती पुष्कळ कीबोर्ड व इंटरफेसबरोबर फुकट येते. आपला एखादा मित्र जे वापरत असेल ते घ्यावे, म्हणजे अडल्यावर विचारायला माणूस असतो.

पहिली खरी खरेदी ऑडिओ इंटरफेसची, म्हणजे संगणकात आवाज नेणाऱ्या-आणणाऱ्या बाहेरच्या पेटीची. लॅपटॉपच्या स्वतःच्या साउंड कार्डाने गाणी ऐकायला हरकत नाही, पण की दाबल्यापासून आवाज कानावर येईपर्यंत जो उशीर लागतो, ज्याला लेटन्सी म्हणतात, तो त्यात आटोक्यात राहत नाही. संगणक आवाजाचे नमुने गठ्ठ्याने हाताळतो आणि या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने या वेगाने १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद होतात, तर १,०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद. हा फक्त एका टप्प्याचा हिशेब आहे, प्रत्यक्षात आणखी थोडा उशीर मिळतो. तबल्याची बोटे बसलेल्या माणसाला २३ मिलिसेकंदांचा फरक लगेच खटकतो. म्हणून विंडोज असेल तर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (उशीर कमी ठेवणारे सॉफ्टवेअर) असलेला, दोन इनपुट व दोन बॅलन्स्ड (बाहेरची खरखर टाळणाऱ्या) आउटपुटचा साधा इंटरफेस घ्यावा. वाजवताना बफर लहान ठेवावा आणि मिक्सिंग करताना मोठा, म्हणजे प्रोसेसरवर ताण येत नाही. आठ-आठ इनपुटचे मोठे इंटरफेस ढोलापासून बासरीपर्यंत सगळे एकाच वेळी ध्वनिमुद्रित करणाऱ्यांसाठी असतात. आपले संगीत संगणकातच जन्मणार असल्याने त्यांचा आपल्याला उपयोग नाही.

त्यानंतर हेडफोन, आणि मॉनिटर, म्हणजे आवाज आहे तसा ऐकवणारे स्टुडिओचे स्पीकर, त्याच्याही नंतर. हा क्रम पुष्कळांना पटत नाही, पण त्यामागचे कारण आपल्या खोलीच्या मापातच आहे. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर अंतर असेल, तर त्यांच्यामध्ये सर्वांत खालची लहर साधारण ५६ हर्ट्झला उभी राहते, म्हणजे पुढे न सरकता जागच्या जागी घुमते. आपल्या खोलीची लांबी आणि रुंदी सारखीच असल्याने दोन्ही दिशांच्या लहरी एकाच ठिकाणी येऊन आदळतात, आणि छत साडेनऊ फुटांवर असेल तर तिसरीही ५९ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे शेजारीच. इलेक्ट्रॉनिक संगीतातल्या किक ड्रमचा मूळ स्वर बहुधा ४५ ते ६० हर्ट्झ या पट्ट्यात असतो. याचा परिणाम असा होतो की खोलीच्या बरोबर मध्यभागी बसल्यास किक जवळपास गायब होते आणि कोपऱ्यात बसल्यास तीच अंगावर येते. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर खर्जातली पांढरी सहा, म्हणजे ५५ हर्ट्झ, या खोलीत फुगते, आणि तिच्या लगतची पांढरी पाच, म्हणजे ४९ हर्ट्झ, त्या मानाने पोकळ वाटते. आपण पांढरी पाच वाढवत बसतो, आणि तेच गाणे मित्राच्या गाडीत लावल्यावर नको तिथे दणदणते. यात स्पीकर महाग की स्वस्त याचा संबंध येत नाही. शिवाय पाच इंची वूफरच्या लहान मॉनिटरचा आवाका तसाही पन्नाशीच्या आसपास संपतो. यामाहा एचएस५ ची कंपनीनेच दिलेली खालची मर्यादा ५४ हर्ट्झ आहे.

हेडफोनच्या बाबतीत खोलीचा प्रश्नच उरत नाही. सोनीचा एमडीआर-७५०६, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स किंवा बायरडायनॅमिकचा डीटी ७७० यांपैकी जो कानाला सुखाचा वाटेल तो घ्यावा. डीटी ७७० मध्ये ३२, ८० आणि २५० ओहम (विजेला होणारा विरोध) अशा आवृत्त्या आहेत. छोट्या इंटरफेसवर २५० ओहमचा हेडफोन पुरेसा मोठा वाजत नाही, हे दुकानदार सहसा सांगत नाही. हेडफोनवर डावे-उजवे अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटते आणि रिव्हर्बचा, म्हणजे आवाजाच्या घुमण्याचा, अंदाज चुकतो, हे मान्य केले तरी या खोलीपुरता तोच जास्त प्रामाणिक आहे. रात्री दहानंतर काम करणाऱ्याला सोसायटीत दुसरा इलाजही नसतो.

पुढे मॉनिटर घेतलेच, तर त्याआधी खोलीवर खर्च करावा, आणि इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ऑनलाइन मिळणारे पिरॅमिडच्या आकाराचे दोन इंची काळे फोम भिंतीवर चिकटवल्याने खोली व्हिडिओतल्यासारखी दिसते, पण खर्जावर त्याचा परिणाम शून्य असतो. ५६ हर्ट्झच्या लहरीची लांबी सहा मीटरांहून जास्त आहे, दोन इंचांचा स्पंज तिला जाणवतसुद्धा नाही. उलट वरचे स्वर तेवढे शोषले जातात आणि खोली अधिकच गढूळ वाजते. औद्योगिक इन्सुलेशनच्या दुकानांत रॉकवूलचे स्लॅब मिळतात. साधारण ४८ किलो प्रति घनमीटर घनतेचे स्लॅब घेऊन, सुताराकडून लाकडी चौकटी करून, त्यात चार ते सहा इंच जाडीचा थर भरावा आणि वरून सुती कापड घट्ट ताणून बसवावे, म्हणजे त्याचे तंतू हवेत उडत नाहीत. भरताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेतच. या चौकटी आधी कोपऱ्यांत उभ्या कराव्यात, मग स्पीकर आणि कान यांच्या मधोमध बाजूच्या भिंतींवर लावाव्यात. कपड्यांचे भरलेले कपाट आणि जाड गादी खोलीत असेल तर ती बाहेर काढू नये, मधल्या स्वरांसाठी ती चांगलेच काम करतात. बसण्याची जागा समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या सुमारे ३८ टक्क्यांवर धरून सुरुवात करावी आणि मग ओळखीचे गाणे लावून खुर्ची वीतभर मागे-पुढे करून पाहावी. मात्र यातले काहीही बाहेरचा आवाज थांबवत नाही. गणेशोत्सवाच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की भिंतीवरच्या चौकटींना कोणी जुमानत नाही. मायक्रोफोनची कामे तेवढे दिवस पुढे ढकलावीत.

विजेबद्दल कोणी फारसे लिहीत नाही, म्हणून मी जरा सविस्तर लिहितो. स्पीकरमधून येणारा सततचा ‘घूं’ असा आवाज आपल्याकडे ५० किंवा १०० हर्ट्झचा असतो आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये असते. जुन्या इमारतींत, विशेषतः पेठांतल्या वाड्यांत, भिंतीवर तीन छिद्रांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या छिद्रामागे तारच नसते. पहिल्यांदा इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. ते ठीक असूनही घूं येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून पाहावा. आवाज थांबला तर तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे जमिनीकडे जाणारे दोन रस्ते तयार झाले आहेत आणि त्यांच्यामधून प्रवाह फिरतो आहे. सगळी उपकरणे एकाच बोर्डावर आणणे आणि इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत तीन वाहकांच्या बॅलन्स्ड टीआरएस केबल वापरणे, एवढ्याने बहुतेक वेळा काम होते. काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला देतात. तो जिवावर बेतू शकतो, अजिबात मानू नये. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाणार हे पुणेकराला ठाऊकच असते, त्यामुळे घरी इन्व्हर्टर असतो. तो शुद्ध साइन वेव्हचा आहे ना, हे बघावे, कारण चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ऑडिओ उपकरणे हमखास गुरगुरतात.

पुण्यातल्या घरांचा आणखी एक खास विषय म्हणजे अमेरिकेतून येणारा मामा किंवा चुलतभाऊ, ज्याला आपण एखादा सिंथ आणायला सांगतो. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. ॲडॉप्टरवर १००-२४० असे लिहिलेले असेल तर फक्त प्लग बदलावा लागतो, पण नुसते १२० लिहिलेले असेल तर तो इथे लावताक्षणी जळेल. तसेच एका उपकरणाचा ॲडॉप्टर दुसऱ्याला लावण्याचा मोह टाळावा. बॉस कंपनीच्या गिटार पेडलना मध्यभागी ऋण टोक लागते आणि कॉर्ग कंपनीच्या छोट्या सिंथच्या व्होल्का मालिकेला मध्यभागी धन, जरी दोन्ही नऊ व्होल्टचीच असली तरी.

कीबोर्डबद्दल फार सांगण्यासारखे नाही. २५ किंवा ३७ कीजचा, यूएसबीवर चालणारा कोणताही मिडी कंट्रोलर पुरे (मिडी म्हणजे वाद्ये आणि संगणक यांची आपसातली भाषा). त्यातून आवाज निघत नाही, कोणती की किती जोरात दाबली एवढीच माहिती संगणकाकडे जाते. मिडीची पद्धत १९८३ पासून चालत आली आहे आणि त्या वेळी आखलेली ० ते १२७ ही मोजपट्टी आजही बहुतेक ठिकाणी तशीच आहे, त्यामुळे जुने यंत्र आणि नवा लॅपटॉप विनातक्रार एकमेकांशी बोलतात.

एखादे खरे यंत्र घेण्याची इच्छा वर्षभराने टिकून राहिली, तर जरूर घ्यावे, पण एकच. माझी पसंती छोट्या स्टेप सीक्वेन्सरला, म्हणजे ठरवलेल्या पायऱ्यांवर आवाज पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या यंत्राला, राहील. बहुतेकांत १६ पायऱ्या असतात, म्हणजे त्रिताल सरळ बसतो. शेवटची पायरी बदलता येत असेल तर १४ वर थांबवून सात मात्रांच्या रूपकाची दोन आवर्तने आणि १० वर थांबवून झपताल मिळतो. आणि चार-चारच्या साच्यात अडकलेल्या हाताला रूपकाच्या तीन-दोन-दोनमध्ये जे सुचते, ते माउसने सुचत नाही. घरात आजीची किंवा बहिणीची इलेक्ट्रॉनिक तानपुरा-पेटी असेल आणि तिला आउटपुट जॅक असेल, तर ती इंटरफेसला जोडून ध्वनिमुद्रित करावी, स्वर दोन सप्तके खाली उतरवावा आणि वर फिल्टर फिरवावा. विकतच्या कोणत्याही सॅम्पल पॅकमध्ये असा आवाज मिळणार नाही.

पावसाळ्यात उपकरणांवर सुती कापड झाकावे, प्लास्टिक नको, कारण आत ओल कोंडते. नॉब फिरवताना खरखर येऊ लागली तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा बहुधा पुरतो. केबल आणि जॅक तपकीर गल्लीत सुटे घेऊन स्वतः डाख द्यायला शिकल्यास तयार केबलच्या तुलनेत बरेच पैसे वाचतात, आणि तुटलेली केबल टाकून द्यावी लागत नाही.

आपल्या ६० हजारांत इंटरफेस, हेडफोन, छोटा कंट्रोलर आणि एक बाह्य हार्ड डिस्क एवढे घेऊन बरीच रक्कम शिल्लक राहते. ती खर्च करण्याची घाई करू नये. सहा-आठ महिन्यांनी हेडफोनवर केलेली आपली गाणी गाडीत, मोबाइलवर आणि एखाद्या मित्राच्या स्पीकरवर ऐकून पाहावीत, आणि खर्ज सगळीकडे सारखा लागत असेल तर त्या रकमेतून आधी रॉकवूल आणावे, मग मॉनिटर.