नाचण्यावरून माणसाचा स्वभाव ओळखता येतो का?

तुमचा प्रश्न असा की गाणं एकच असताना प्रत्येकाचं अंग वेगळं का हलतं, आणि त्यावरून स्वभाव सांगता येतो का. माझ्या मते त्यावरून माणूस ओळखता येतो, स्वभाव मात्र जपूनच सांगावा.

फिनलंडच्या युव्हॅस्क्युला विद्यापीठात अंगाला मार्कर, म्हणजे कॅमेऱ्याला दिसणाऱ्या छोट्या खुणा, लावून लोकांना हवं तसं नाचू देतात, कॅमेरे फक्त हालचाल टिपतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ७३ जण आठ प्रकारच्या संगीतावर नाचले. कुठलं संगीत वाजतंय हे संगणकाने हालचालींवरून ओळखावं, असा बेत होता. ते काही जमलं नाही. उलट कोण नाचतंय हे त्याने ९४ टक्के वेळा बिनचूक सांगितलं! मेटल हा दणदणीत रॉक संगीताचा प्रकार लागल्यावर मात्र तोही गडबडला. त्या संगीतावर डोकं झटकायची रीतच आहे, त्यामुळे सगळे सारखे दिसू लागले असावेत.

स्वभावाचं म्हणाल, तर तिथल्याच २०१० च्या अभ्यासात बहिर्मुख लोक जास्त जोमाने नाचले, मनाने लवकर अस्वस्थ होणाऱ्यांच्या हातापायांना झटके जास्त होते. पण हे साठेक जणांमध्ये दिसलेले कल आहेत. समोरच्या एकट्या माणसाला ते लावू नयेत.

मी स्वतः कुणाला नाचताना बघतो तेव्हा पायांकडे फारसं लक्ष देत नाही. पाय शिकून घेतलेले असतात. खांदे बघा, कोपर बघा. कुणाचं कोपर बरगडीला चिकटलेलंच राहतं, गाणं कितीही रंगू दे. मूडही तिथेच दिसतो. उदास माणूस चालतानासुद्धा हात कमी हलवतो, डोक्याचं वरखाली होणं कमी होतं, हेही मोजलं गेलंय.

संगीताचा वाटा वेगळा. नुसतं ऐकत बसलो तरी ठेक्याला मेंदूतले हालचालीचे भाग जागे होतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने एका मैफलीत, जवळजवळ ऐकूच येत नाही इतक्या खालच्या सुरांचे स्पीकर मधूनमधून चालू-बंद केले. ते चालू असताना लोक सुमारे १२ टक्के जास्त हलले, आणि त्यांना याचा पत्ताही नव्हता.

तेव्हा कुणाला पारखायचंच असेल, तर एका गाण्यावरून नको. संथ, जलद, नावडतं अशी चार गाणी लागू द्या आणि त्याच्या अंगात काय बदलत नाही ते बघा.