फुकटची हमाली की करिअरची सुरुवात?

प्रश्न: मुलगा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्री उशिरापर्यंत जागून कुबरनेटीस नावाच्या सॉफ्टवेअरसाठी कोड लिहितो, तेही फुकट. आता ॲप्टिट्यूडचा क्लास सोडायचा म्हणतो. त्याचे बाबा याला हमाली म्हणतात. काय करावं?
– एक आई, ऐरोली

उत्तर: ताई, ऐरोली-महापे पट्ट्यातली डेटा सेंटर तुम्ही येता-जाता पाहत असाल. आत सर्व्हरच्या रांगाच रांगा असतात. कुठलं काम कोणत्या सर्व्हरवर चालवायचं, एखादा बंद पडला तर ते दुसरीकडे कसं हलवायचं, हे आपोआप सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे कुबरनेटीस. गूगलने 2014 मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. त्यावर काम करणाऱ्या अनेकांना गूगल, रेड हॅटसारख्या कंपन्या त्याचाच पगार देतात. म्हणजे मुलगा योग्य दारात उभा आहे. आत कितपत गेलाय, ते मात्र बघायला हवं.

त्याला एक पुल रिक्वेस्ट दाखवायला सांगा, म्हणजे ‘माझा हा बदल सॉफ्टवेअरमध्ये घ्या’ अशी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर केलेली विनंती. कोड कळला नाही तरी चालेल, त्याखालचा संवाद वाचा. ‘याची टेस्ट कुठे आहे?’ असं कुणी विचारलंय का? त्याने दुरुस्त करून पुन्हा पाठवलंय का? शेवटी जांभळ्या रंगात ‘मर्ज्ड’, म्हणजे बदल स्वीकारला, असं दिसतंय का? अशी चार-पाच कामं असली, तर मुलाखतीत त्याला भरभरून बोलता येईल. नुसत्या स्पेलिंगच्या दुरुस्त्या असतील तर मी त्याला फारसं वजन देणार नाही.

पण ॲप्टिट्यूडचा क्लास सोडू देऊ नका. कॅम्पसला बहुतेक कंपन्यांची पहिली चाळणी ॲप्टिट्यूडची परीक्षाच असते. तिथेच गळाला, तर त्याचं गिटहब कोण उघडून बघणार? कोडसाठी शनिवार-रविवार ठेवावेत. रोजचं जागरण बंद.

‘गूगल समर ऑफ कोड’ या, अशा खुल्या सॉफ्टवेअरवर काम करायच्या गूगलच्या उपक्रमाला त्याने जरूर अर्ज करावा. निवड झाली तर मानधन मिळतं. मात्र ज्या प्रकल्पासाठी अर्ज करायचा, तिथे आधीपासून वावर असलेला बरा.

आणि बाबांना सांगा, काळजी करायचीच तर क्रेडिट कार्डाची करा. सरावासाठी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने, घेतलेली मशीन बंद करायची राहिली की बिल चढत जातं. ‘काइंड’ हे मोफत साधन घरच्या लॅपटॉपवरच छोटं क्लस्टर, म्हणजे सरावापुरता सर्व्हरचा गट, उभं करून देतं. सध्या त्याला तेवढं पुरेल.