शाळेची नोकरी सोडून रिदमिक जिम्नॅस्टिक्सचा स्वतःचा वर्ग काढावा का?

प्रश्न : मी 31 वर्षांची असून रत्नागिरीतील एका खासगी शाळेत रिदमिक जिम्नॅस्टिक्स, म्हणजे संगीताच्या तालावर रिबन, हूप (मोठे कडे) अशी साधने घेऊन गालिच्यावर करायच्या कसरती, शिकवते. सेवा 4 वर्षे 5 महिने झाली आहे. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 18,000 रुपये आहेत आणि हातात 24,000 येतात. राजीनामा देऊन दरमहा 10,000 रुपये भाड्याने 40 बाय 25 फुटांचा हॉल घ्यावा, त्यासाठी पीएफ काढावा आणि आईचे दागिने तारण ठेवून गालिचा व साहित्य आणावे, असा विचार आहे. 1,000 रुपये मासिक फी देणाऱ्या 30 मुली तयार आहेत.

उत्तर : तीस मुली म्हणजे दरमहा तीस हजार, हा आपला हिशेब बारा महिन्यांचा आहे, कोकणातले वर्ष मात्र फीच्या दृष्टीने नऊच महिन्यांचे धरावे. गणपतीत मुली गावी जातात, मार्चमध्ये परीक्षा आणि शिमगा एकत्र येतात, मे महिन्यात घर पाहुण्यांनी भरलेले असते. म्हणजे वर्षाची जमा 2,70,000 रुपये. भाडे मात्र बाराही महिने द्यावे लागेल, ते 1,20,000. मदतनीस मुलीला दरमहा 6,000 दिले तर 72,000. उरले 78,000, म्हणजे महिन्याला साडेसहा हजार, आणि त्यातूनच विजेचे बिल. आजचे वेतन वर्षाला 2,88,000 आहे. तेवढे सुटण्यासाठी 1,200 रुपये फी देणाऱ्या 45 मुली लागतील.

त्या हॉलमध्ये 45 मुली बसतील का, हा खरा प्रश्न आहे. स्पर्धेचा गालिचा 13 मीटर लांब व तितकाच रुंद असतो, म्हणजे आपल्या हॉलच्या लांबीपेक्षाही मोठा. मोठ्या वयोगटातील मुलींची रिबन सहा मीटरची, म्हणजे जवळपास वीस फूट. पंचवीस फूट रुंदीत ती फिरवणाऱ्या मुली एका वेळी किती उभ्या राहतील, हे माझ्यापेक्षा आपण चांगले जाणता. चार तुकड्या कराव्या लागतील आणि शाळा सुटल्यानंतरची संध्याकाळ तर एकच आहे. (हॉलचे पंखे किती उंचीवर आहेत तेही पाहावे, उंच फेकलेला हूप पंख्यात अडकला की दुरुस्ती भाडेकरूच्या माथी येते.)

राजीनाम्याची घाई करू नये, याचे कारण अगदी रोकडे आहे. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेबद्दल मिळणारी एकरकमी रक्कम) 18,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 5, म्हणजे सुमारे 51,900 रुपये बसते. सात महिन्यांसाठी ती सोडून देणे मला पटत नाही. सलग पाच वर्षांच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो, हाही मुद्दा तेव्हाच सुटतो. तरीही पीएफ धंद्यात घालू नये, असेच माझे मत आहे. दागिन्यांना तर हातच लावू नये. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या गालिच्यासाठी आईचे सोने अडकवणे म्हणजे घसरत्या किमतीच्या वस्तूपोटी व्याज भरणे होय.

तोवर नेमणूकपत्रातील अट तपासून, शाळेची लेखी परवानगी घेऊन, आठवड्यातून तीन संध्याकाळी तासाच्या भाड्याने एखादी जागा घ्यावी आणि फी तिमाही आगाऊ घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत इतर शाळांच्या स्नेहसंमेलनांची नृत्ये बसवून मिळणारे मानधन वेगळ्या खात्यात ठेवावे. साहित्य त्यातूनच आणावे. जुलै-ऑगस्टच्या पावसातही 35 मुलींची फी वेळेवर आली, तर राजीनाम्याचा विचार पुन्हा करू. हॉलमालकाने अनामत मागितली असेल, तर ती आताच देऊ नये.