‘आधी व्हिजिट व्हिसावर या, पुढचं इथे बघू’ असं शाळेनं सांगितलं तर?

“तिकीट काढा, व्हिजिट व्हिसावर या, सोमवारपासून वर्ग घ्या, कामाचा व्हिसा इथे करून देऊ, असा निरोप आलाय. ओळखीच्या दोन शिक्षिका अशाच गेल्या. जाऊ का?”

दुबईतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेकडून बोलावणं आलेल्या एका ताईंचा हा प्रश्न. गणिताची पदवी, बी.एड. आणि महाराष्ट्रातल्या खाजगी माध्यमिक शाळेत कायम नोकरी. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. आखातात शिकवायला जाऊ पाहणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी हेच ऐकवलं जातं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहोत.

नाही म्हटलं तर संधी जाईल आणि हो म्हटलं तर परक्या देशात अडकू, अशा दोन्ही बाजूंनी त्या घाबरल्या होत्या. घरचे म्हणत होते, आलेली संधी सोडू नकोस. आम्ही त्यांना आधी एवढंच म्हटलं : ताई, जायचं की नाही हे नंतर ठरवू. कोणता कागद हातात असताना तुम्ही वर्गात पाऊल ठेवणार, ते आधी बघू.

संयुक्त अरब अमिरातीत व्हिजिट व्हिसावर जाऊन मुलाखत देता येते. तिथे असताना शाळेनं कामाचा एन्ट्री परमिट, म्हणजे नोकरीसाठी देशात येण्याची परवानगी, काढला, तर देशाबाहेर न पडता ‘स्टेटस चेंज’ही, म्हणजे व्हिजिट व्हिसावरून कामाच्या व्हिसावर बदल, करून घेता येतो. त्यामुळे त्या दोन शिक्षिकांची गोष्ट खरी असू शकते. पण कामाचा परवाना निघण्याआधी शिकवायला उभं राहणं बेकायदा आहे, मग तो एक तास असो वा ‘डेमो’च्या नावाखाली आठवडाभर. २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं परवान्याविना माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाचा दंड १ लाख ते १० लाख दिरहॅमपर्यंत वाढवला. शिक्षिकेलाही दंड आणि हद्दपारीला तोंड द्यावं लागू शकतं. परवाना नाही म्हणजे नोंदलेला करार नाही, आणि करार नाही म्हणजे पगार थकला तर बोट ठेवायला कागद नाही.

मग असं का बोलावतात? सत्र सुरू झालेलं असतं आणि वर्गावर शिक्षक नसतो. कागद मंजूर झाले तर ठीक, नाही झाले तर शिक्षिकेला परत पाठवलं की झालं. सगळी जोखीम तिच्या माथी.

ताईंकडे शाळेच्या लेटरहेडवरचं एक पत्र होतं आणि त्यात एकच आकडा, ‘एकूण ५,५०० दिरहॅम’. ते पत्र म्हणजे फार तर बोलणी झाल्याची खूण. खरा ऑफर लेटर तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या ठरावीक नमुन्यात, अरबीसह दुसऱ्या भाषेत असतो. त्यावर सही झाली की पुढचा करार त्यापेक्षा कमी अटींचा करता येत नाही. त्यातला मूळ पगार आणि भत्ते वेगवेगळे वाचा, कारण ग्रॅच्युइटी मूळ पगारावर निघते : वर्ष पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार. ५,५०० मध्ये मूळ पगार ४,००० असेल तर वर्षाचे २,८०० दिरहॅम होतात, २,५०० असेल तर १,७५०. पाच वर्षांत हाच फरक ५,२५० दिरहॅमचा होतो. घरभाडं, वैद्यकीय विमा आणि वर्षातून एकदा विमानभाडं कोण देणार, हेही लेखीच हवं.

ऑफरवर सही झाल्यावर शाळा कामाचा परवाना मागते. दुबईत शिक्षकाच्या नेमणुकीला केएचडीए या नियामक संस्थेची संमती लागते, अबूधाबीत हेच काम ‘अडेक’ पाहते. मग नोकरीचा एन्ट्री परमिट निघतो. त्यावर आत गेल्यानंतर वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी आणि रहिवासी व्हिसा हे टप्पे ठरलेल्या मुदतीत उरकायचे असतात. तपासणीत छातीचा एक्स-रे आणि रक्त तपासतात, म्हणून पूर्वी क्षयरोग होऊन गेला असेल तर इथेच एक्स-रे काढून डॉक्टरांशी बोलून घ्या. एन्ट्री परमिट खरा आहे का, हे त्यावरच्या क्रमांकावरून तिथल्या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतं. कुणी फोटो पाठवला म्हणून तो खरा समजू नका.

आता पैशांचं. मध्ये एक एजंट होता आणि त्यानं दीड लाख मागितले होते : ‘व्हिसा, प्रोसेसिंग आणि इमिग्रेशन क्लिअरन्स’. तिथला २०२१ चा कामगार कायदा सांगतो की भरतीचा खर्च मालकानं कामगाराकडून थेट किंवा आडून वसूल करायचा नाही. इमिग्रेशन क्लिअरन्सची, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्यासाठी भारत सरकारच्या परवानगीची, भीती तर निव्वळ पोकळ होती. दहावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांचा पासपोर्ट ईसीएनआर प्रकारचा असतो आणि त्यांना ती परवानगी लागत नाही. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटही उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेऊ शकतो, तेही पावती देऊन. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. या एजंटाचं नाव तिथे नव्हतं.

ताईंना आम्ही शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा पत्ता शोधून थेट मेल करायला सांगितला, आणि एजंटानं दिलेला पत्ता मुद्दाम वापरू दिला नाही. उत्तर आलं. जागा खरी होती, निवडही खरी होती. दीड लाखांची मागणी शाळेची नव्हती आणि एन्ट्री परमिट निघेपर्यंत थांबायला शाळा तयार होती. प्रत्येक वेळी असं होत नाही. पण सरळ प्रश्नाला शाळा लेखी उत्तर देत नसेल, तर तेही उत्तरच समजावं.

खरा वेळ गेला तो प्रमाणपत्रांत, आणि याची कल्पना जाणाऱ्यांना सहसा नसते. अमिरातीसाठी पदवी आणि बी.एड. या दोन्ही मूळ प्रमाणपत्रांचं अटेस्टेशन, म्हणजे ती खरी असल्याचे अधिकृत शिक्के, लागतं : विद्यापीठाची पडताळणी, राज्य शासनाचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालय, अमिरातीचा दूतावास, आणि तिथे पोचल्यावर तिथलं परराष्ट्र मंत्रालय. यात सर्वांत संथ टप्पा विद्यापीठाचा. परराष्ट्र मंत्रालयाचे कागद अधिकृत केंद्रांमार्फतच जातात. प्रोव्हिजनल नव्हे, दीक्षान्त प्रमाणपत्र हवं. आणि ते लॅमिनेट केलेलं नको! शिक्के कागदावर उमटवावे लागतात. ताईंच्या बी.एड. प्रमाणपत्राला प्लॅस्टिक चढवलेलं होतं. ते ओढून काढताना कागद फाटण्याची भीती असते, म्हणून विद्यापीठातून दुसरी प्रत मागवावी लागली.

दुसरी अडचण नावाची. पदवी माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नाव बदलल्याची प्रसिद्धी, असे दोन्ही कागद जवळ असले की नावाच्या शंकेला उत्तर देता येतं. नुसत्या नोटरीच्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नये. विवाह प्रमाणपत्राचंही अटेस्टेशन त्याच फेरीत करून घ्या, पुढे यजमानांचा व्हिसा काढताना लागतं.

तिसरी अडचण गुणपत्रिकेत लपलेली असते. आपल्याकडे अंतर्गत परीक्षेचे गुण वेगळे आणि विद्यापीठाच्या परीक्षेचे ‘एक्स्टर्नल’ गुण वेगळे छापतात. तिथे हा शब्द वाचून पदवी बहिस्थ, म्हणजे कॉलेजात न जाता मिळवलेली, असा अर्थ लावला गेला आणि २०१८ च्या सुमारास अनेक भारतीय शिक्षकांची समकक्षता, म्हणजे आपली पदवी तिथल्या पदवीच्या बरोबरीची मानली जाणं, त्यावरून अडली होती. उपाय म्हणजे विद्यापीठाच्या लेटरहेडवरचं पत्र : अभ्यासक्रम नियमित होता, शिक्षण अमुक महाविद्यालयात झालं, ‘एक्स्टर्नल’ म्हणजे विद्यापीठानं घेतलेल्या परीक्षेचे गुण. हे पत्र अडल्यावर नव्हे, पडताळणीच्या अर्जाबरोबरच मागा. पदवी खरोखरच दूरशिक्षणाची असेल तर ती चालेल का, हे शाळेला आधीच स्पष्ट विचारा. तिथे गेल्यावर कळणं फार महागात पडतं.

पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला, पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. शाळांना तो अलीकडच्या तारखेचा हवा असतो, म्हणून तो सर्वांत शेवटी काढा.

राजीनाम्याचं पत्र ताईंनी टाइप करून ठेवलं होतं. ते आम्ही थांबवलं. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवा नियमांत कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि जितकी कमी पडेल तितक्या काळाचं वेतन भरावं लागतं. आता तीन महिने आधी राजीनामा द्यावा तर परमिट हातात नसतो, आणि परमिटची वाट पाहावी तर नोटीस पुरी होत नाही. आमचं मत स्पष्ट आहे : परमिट हातात आल्याशिवाय राजीनामा नको. ते वेतन प्रवासखर्चात धरा आणि बाजूला काढून ठेवा. ताईंनी मुख्याध्यापकांना विश्वासात घेऊन आधीच कल्पना दिली, त्यामुळे अनुभव प्रमाणपत्रही वेळेत मिळालं. त्यावर रुजू झाल्याची तारीख, शिकवलेले विषय आणि इयत्ता हव्यात. ‘चांगलं काम केलं’ एवढं पुरत नाही.

भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष तिथे एप्रिलमध्ये सुरू होतं, इतर बहुतेक शाळांचं ऑगस्टअखेर. एप्रिलची जागा धरायची तर प्रमाणपत्रांचं काम दिवाळीच्या सुट्टीतच हाती घ्यायला हवं. ताईंचं ते मार्चमध्ये सुरू झालं, म्हणून एप्रिल हुकला आणि त्या उन्हाळी सुट्टीनंतर, नोकरीच्या एन्ट्री परमिटवर गेल्या.

निघण्यापूर्वी त्यांनी विचारलं, “तिथे जमलं नाही तर?” परिवीक्षा काळ (प्रोबेशन) सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्या काळात नोकरी सोडून देशाबाहेर जायचं असेल तर १४ दिवसांची लेखी नोटीस लागते, तिथल्याच दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर एक महिन्याची. नोटीस न देता निघून गेल्यास वर्षभर नवा परवाना मिळत नाही. पासपोर्ट शाळेनं ठेवून घेणं कायद्याला मान्य नाही, व्हिसाच्या कामासाठी दिला तरी काम झालं की परत मागून घ्यायचा. पगार बँकेत जमा होतो का हे पहिल्या महिन्यापासून पाहायचं, रोख घ्यायचा नाही. आणि अटेस्टेशन झालेल्या प्रत्येक कागदाच्या पुढच्या-मागच्या दोन्ही बाजू स्कॅन करून एक संच घरी ठेवायचा, कारण शिक्के बहुधा मागच्या बाजूलाच असतात.