‘माझी जीभच जड आहे, मॅडम’

बेळगावात मी समुपदेशनाचं काम करते. जून उजाडला की माझ्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांतून येते. मुलगा निपाणीचा असो, मुलगी खानापूरकडची असो, नाहीतर इथल्याच शहापूर-वडगावातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी) किंवा डिप्लोमा इंग्रजीत, आणि वर्गात तोंड उघडलं की मागच्या बाकावर कुणीतरी हसतं. कुणाचा ‘थ’ अडतो, कुणाचा ‘झेड’, आणि बहुतेकांचा ‘व्ही’ नि ‘डब्ल्यू’. मुलं म्हणतात, आमची जीभ जड आहे. आईवडील त्याहून जड प्रश्न विचारतात: मराठीत घातलं हेच चुकलं का आमचं?

हा प्रश्न गेल्या चौदा वर्षांत इतक्या वेळा ऐकलाय की एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं. त्यासाठी एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी आहे. तिची ओळख पटेल असे तपशील बदललेत. भेटी बारा-तेरा झाल्या, पण सांगण्यासारखे प्रसंग तीन-चारच आहेत.

ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. खानापूर तालुक्यातलं गाव, घरी भातशेती. पहिल्या भेटीला वडील सोबत आले होते. ते म्हणाले, “मॅडम, लहानपणी हिला वेखंड उगाळून चाटवलंय. बोलायला लवकर लागलेली की. आता जिभेखालची शीर कापून घ्यावी काय?”

मी तिला मराठीत गावाबद्दल विचारलं. रोपलावणीपासून म्हादई नदीपर्यंत ती भरभरून बोलली. एकही अक्षर अडखळलं नाही. वडिलांना मी तिथंच सांगितलं की शीर कापायची काही गरज नाही. मातृभाषेतले उच्चार स्वच्छ असतील, ऐकायला नीट येत असेल, तर दोष जिभेत नसतो. मराठी बोलतानाही तीच अक्षरं बिघडत असतील, तोतरेपणा असेल किंवा कान कमी असेल, तर मात्र वाचा-उपचार करणाऱ्याकडे आधी जायला हवं. ते माझं काम नाही.

मग ती एकटी बसली, आणि बराच वेळ गेल्यावर बोलली. वर्गात पायाच्या फुगलेल्या शिरांवर तिला बोलायचं होतं. ‘व्हेरिकोज व्हेन्स’. दोन्ही शब्द ‘व्ही’चे. तिने ‘वेरिकोज वेन्स’ म्हटलं. शिकवणाऱ्यांनी सगळ्यांसमोर पाच वेळा म्हणायला लावलं, आणि पाचही वेळा तेच आलं.

“सगळी हसाल्ती, मॅडम. तवापासून मी बोलतच नाही.”

आता वॉर्डात ड्यूटी बदलताना हँडओव्हर द्यायची वेळ आली की ती कागद मैत्रिणीच्या हातात देत होती. रुग्णाची सगळी माहिती हिला पाठ, पण सांगायची दुसरीने.

मी तिला म्हटलं, तुला जे वाटतं ते एका वाक्यात लिही. तिने लिहिलं: ‘मला व्ही म्हणता येत नाही म्हणून मी नर्स व्हायच्या लायकीची नाही.’ मी पेन्सिलीनं त्यातल्या ‘म्हणून’ भोवती गोल केला. पहिलं खरं आहे, ते आपण सराव करून सुधारू. दुसरं तपासून बघू. पण या दोघांना जोडणारा हा ‘म्हणून’ कुणी घातला? ती कागदाकडे बघत बसली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धत माझ्या कामाचा पाया आहे, आणि त्यांची शिकवण मला दररोज खरी ठरताना दिसते. माणूस घडलेल्या गोष्टीने जेवढा खचत नाही तेवढा तिच्यातून स्वतःबद्दल काढलेल्या निष्कर्षाने खचतो. वर्गातलं हसू पाच मिनिटांत संपलं होतं. हा ‘म्हणून’ सात महिने चालला होता.

पण नुसता विचार बदलून ‘व्ही’ येत नाही, हेही मी मानते. लाज आणि जीभ, दोन्हींवर एकाच वेळी काम करावं लागतं.

दुसऱ्या भेटीला मी तोंडासमोर वही धरली आणि वीस शब्द म्हटले, काही ‘व्ही’चे, काही ‘डब्ल्यू’चे. ‘व्ही’ असेल तर डावा हात वर करायचा, ‘डब्ल्यू’ असेल तर उजवा. अकरा बरोबर आले, म्हणजे निव्वळ अंदाज. तिला तो फरक ऐकूच येत नव्हता. जे कानाला नाही ते तोंडात कुठून येणार? पाच वेळा म्हणायला लावून तिला शिकवलं गेलं ते एवढंच, की मला येत नाही.

इथं आईवडिलांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना कळला. वर्षाच्या आतच कान घरच्या भाषेपुरता जुळून येतो. आपलं ‘ताक’ आणि ‘टाक’ शिकल्यासवरल्या इंग्रज माणसाला सहसा सारखंच ऐकू येतं, आणि त्यावरून त्याच्या बुद्धीबद्दल कुणी शंका घेत नाही. तेव्हा शाळा मराठी होती की इंग्रजी, हा इथं प्रश्नच नाही. बाळ शाळेत जाण्याच्या कितीतरी आधी कानाचा साचा पडलेला असतो. इंग्रजी माध्यमातली आपली मुलंही ‘व्ही’ला मराठी ‘व’च वापरतात, त्यांना कुणी टोकत नाही इतकंच.

मग हा कान पुन्हा उघडतो का? त्याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही, माझ्या जिन्यात मिळालं.

चौथी भेट होती. टिळकवाडीत माझी खोली पहिल्या मजल्यावर आहे, खाली कन्नड बोलणारे वॉचमनकाका बसतात. पाऊस जोराचा होता. ती बसमधून उतरून भिजत आली होती, आणि जिन्याखाली काकांशी बोलत होती ते मला वर ऐकू आलं. “स्वल्प नीर कोड्री.” थोडं पाणी द्या. साधं वाक्य. पण त्यातला ‘को’ इतका नेमका आखूड होता की मी दारातच थांबले.

मराठीत ‘ओ’ एकच. कन्नडमध्ये दोन: आखूड आणि लांब. आखूड ‘ओ’चं ‘कोडु’ म्हणजे दे. लांब ‘ओ’चं म्हणजे शिंग. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हा फरक जड जातो. मला स्वतःला तो मोठेपणी प्रयत्नाने शिकावा लागला.

ती वर आल्यावर विचारलं, “पाणी मागताना ‘ओ’ लांब केला असतास तर?”

ती हसली. “मग ते शिंग झालं की, मॅडम.”

“हे तुला कुणी शिकवलं?”

“कोणी न्हाई. हॉस्टेलला आल्यावर… अशीच. रूममध्ये सगळ्या कन्नड बोलणाऱ्या.”

“पहिल्यांदा चुकलीस?”

“लई. त्या हसायच्या, मी पण हसायची.”

मी काही बोलले नाही. बाहेर पाऊस वाजत होता. तिने ओल्या ओढणीचं टोक पिळलं, परत पिळलं. मग हळूच म्हणाली, “म्हंजे… मला येतंय नवीन ऐकायला.”

इतक्या वर्षांत असे क्षण मोजकेच वाट्याला येतात आणि मी ते जपून ठेवते. आपल्या भाषेत नसलेला फरक ऐकायला आणि बोलायला ही मुलगी दोन वर्षांपूर्वी शिकली होती, तीही अठराव्या वर्षी, शिक्षकाशिवाय आणि पुस्तकाशिवाय. तेव्हाही चूक झाली होती, तेव्हाही हसू झालं होतं. फरक इतकाच की त्या हसण्यात ती सामील होती, आणि चुकीनंतर कुणी तिची लायकी काढली नव्हती. तिथं ‘म्हणून’ नव्हता. मला त्या दिवशी उमगलं की सीमेवरच्या मुलांना इंग्रजी उच्चार शिकवताना आपण त्यांना कोरी पाटी समजतो. वास्तविक कानाची ही मशागत त्यांनी एकदा केलेली असते. बाजारात, बसमध्ये, हॉस्टेलवर. आपण फक्त तिची आठवण करून द्यायची. तेव्हापासून प्रत्येक मुलाला मी आधी कन्नडबद्दल विचारते.

पुढचं काम भराभर झालं. आधी फक्त कान. मैत्रिणीने शब्दांच्या जोड्या म्हणायच्या, हिने हात वर करायचा, वीसात सतरा येईपर्यंत स्वतः म्हणायचं नाही. दहा दिवस लागले. एका वेळी एकच जोडी, आणि दिवसाला दहा मिनिटं. जास्त केलं की जीभ नाही, मन थकतं.

मग आरसा. आपला ‘व’ दोघांच्या मधला आहे. ‘वारा’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाच्या जवळ येतात, पण घासत नाहीत, आणि ओठ गोलही होत नाहीत. ‘डब्ल्यू’ला दातांचा संबंधच नाही: ओठ ‘उ’सारखे गोल करायचे आणि तिथून सुटायचं. ‘वॉर्ड’, ‘वूंड’, ‘वॉटर’. ‘व्ही’ला दात ओठावर टेकवायचे, ‘फॅन’मधल्या ‘फ’सारखे, आणि हवा घासत असतानाच कंठातून आवाज काढायचा. गळ्यावर बोटं ठेवली की थरथर लागते.

तिची वही बघितली तेव्हा आणखी एक गाठ सापडली. अवघड शब्द ती देवनागरीत लिहून पाठ करत होती. एका पानावर ओळीनं होतं: व्हेन, व्हॉमिट, व्हायल, व्हीलचेअर, व्हाइट. आपण ‘व्ही’लाही ‘व्ह’ लिहितो आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘डब्ल्यू’नंतर ‘एच’ आला तरी ‘व्ह’च. पहिले तीन दातांचे, शेवटचे दोन गोल ओठांचे, आणि वहीत पाचही सारखे! शिवाय आपला खरा ‘व्ह’, ‘केव्हा’-‘जेव्हा’तला, श्वासाचा, तो या दोन्हींहून निराळा. तिने दातांच्या शब्दांखाली लाल रेघ मारली, ओठांच्या शब्दांभोवती निळा गोल काढला. तशी वही मी आता सगळ्यांना करायला सांगते.

गळ्यावरच्या बोटांनी बाकीची कुलपंही उघडली. शाळेत आपण कठोर आणि मृदू व्यंजनं शिकतो: क-ग, ट-ड, प-ब. तोंडाची ठेवण तीच, फक्त कंठात नाद आला. हीच किल्ली ‘फॅन’मधल्या ‘फ’ला लावली की ‘व्ही’ मिळतो. ‘स’ लांबवून नाद घातला की ‘डिझी’तला ‘झेड’. आपल्या ‘झाड’मधला श्वास त्यात नको. ‘श’ लांबवून नाद घातला की ‘सीझर’ या झटक्यांच्या शब्दातला आणि ‘मेझर’मधला तो आवाज, ज्याला मराठीत अक्षरच नाही. आणि ‘थ’? ‘थंडी’ म्हणताना जीभ दातांमागे हवा अडवते आणि सोडते. इंग्रजीत अडवायची नाही. टोक दातांच्या फटीत हलकेच ठेवायचं आणि हवा वाहू द्यायची. नाद नसला की ‘ब्रेथ’, श्वास. नाद घातला की ‘ब्रीद’, श्वास घ्या. वॉर्डात दिवसातून पन्नासदा लागणारे शब्द.

परदेशी जायची तिची इच्छा होती, म्हणून हेही सांगते. ओईटी या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेत बोलण्याच्या भागात रुग्णाशी संवादाचे दोन प्रसंग असतात, आणि उच्चाराचं मोजमाप समोरच्याला ते किती सहज कळतं यावर होतं. टीव्हीवरच्यासारखं बोलणं तिथं कुणी मागत नाही. आपला मराठी हेल खुशाल राहू द्या. ‘व्हेन’ (शीर) आणि ‘पेन’ (दुखणं) कळेलसे झाले की पुरे.

शेवटचं काम लाजेचं होतं. एलिस लोकांना मुद्दाम चारचौघांत थोडं हास्यास्पद वागायला लावायचे, म्हणजे हसण्याने आकाश कोसळत नाही हे अंगात मुरतं. मी तिला सांगितलं, हँडओव्हर तूच द्यायचा, आणि सुरुवातीलाच म्हणायचं, ‘माझे व्ही-डब्ल्यू अजून पक्के नाहीत, कळलं नाही तर विचारा.’ ती दोन आठवडे टाळत राहिली. मी घाई केली नाही. तिसऱ्या आठवड्यात तिने सांगितलं, आणि रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, “माझे तरी कुठं आहेत?”

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. गोव्याकडच्या एका पेशंटचा हँडओव्हर कसा दिला ते तिने मला जसाच्या तसा म्हणून दाखवला. ‘व्हॉमिटिंग’चा ‘व्ही’ दातांवर नेमका बसला होता. ‘थ्री टाइम्स’मधला ‘थ’ निसटला, थंडीतला झाला. तिला ते कळलं, मला फोनवरही जाणवलं. पण ती थांबली नाही. पुढे नाडी, रक्तदाब, सलाईन किती गेलं, सगळं सांगून मगच श्वास घेतला.